रिमोट सपोर्ट देताना ग्राहकाची स्क्रीन काळी करावी का?

प्रश्न असा आला आहे. इंदूरच्या एका लहान कंपनीत आठ महिन्यांपासून रिमोट सपोर्टचं, म्हणजे लांबूनच ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दुरुस्ती करण्याचं, काम करणारा 24 वर्षांचा मुलगा विचारतो: "आमच्या साहेबांचा नियम आहे. कनेक्शन लागलं की आधी ग्राहकाची स्क्रीन काळी करायची, त्याचा माउस-कीबोर्ड बंद करायचा आणि मग कामाला लागायचं. गेल्या आठवड्यात एका ऑफिसातल्या अकाउंटंट मॅडमची स्क्रीन काळी झाली, तशी त्यांनी नेटची वायरच ओढली आणि फोनवर मला चोर म्हणाल्या. साहेब म्हणतात, बाई अडाणी आहे. मला मात्र रात्रभर झोप नाही. चुकलं कोणाचं? आणि ग्राहकाच्या स्क्रीनवरचं आपण किती बघायचं?"

वयानं तू माझ्या पुतण्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मॅडमनी वायर ओढली ते बरोबर केलं. त्यांच्या जागी माझी बायको असती तर तिनंही तेच करावं असं मी तिला शिकवलं आहे. चुकलं तुझ्या साहेबांचं, आणि थोडं तुझंही, कारण स्क्रीन काळी होणार आहे हे त्यांना आधी सांगायला साहेबांनी तुला मनाई केली नव्हती.

आता जरा मागून सुरुवात करतो. मी या कामात 2002 साली आलो, तेव्हा सपोर्ट म्हणजे स्कूटर. रामबागेतून निघायचं, सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे जायचं, सीपीयू उघडायचा, स्क्रू चहाच्या बशीत ठेवायचे. मालक शेजारी स्टूल ओढून बसायचा. "भिया, ये क्या निकाला?" "हे परत बसेल ना?" दर दोन मिनिटांनी प्रश्न. तेव्हा वैताग यायचा. पण त्या स्टूलवर बसण्यात त्याचा सगळा भरवसा होता. आपल्या वस्तूला परका माणूस हात लावतोय आणि आपण बघतोय, एवढं त्याला पुरायचं. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण माझे हात कुठे आहेत हे दिसत होतं.

मग घरबसल्या काम करायची सोय आली. विंडोज एक्सपीमध्ये, म्हणजे 2001 पासूनच, रिमोट असिस्टन्स होतं. ग्राहकानं आमंत्रणाची फाईल मेलनं पाठवायची, आपण ती उघडायची, निम्म्या वेळा ते राउटरवरच अडकायचं. 2005 साली जर्मनीत टीमव्ह्यूअर निघालं आणि राउटरची कटकट संपली. 2014 साली श्टुटगार्टमध्ये एनीडेस्क सुरू झालं, आणि आता आपल्या इंदुरात तर ते क्रियापदच झालंय: "भिया, एनीडेस्क कर लो." पीथमपूरच्या कारखान्यात प्रिंटर अडला की माझा अर्धा दिवस जायचा, तो वाचला. पण ग्राहकाचं स्टूल गेलं. त्याच्यापाशी एकच गोष्ट उरली, त्याच्याच स्क्रीनवर आपोआप फिरणारा कर्सर. तो कर्सर म्हणजे माझे हात. तू स्क्रीन काळी करतोस तेव्हा तेवढंही काढून घेतोस.

काळ्या पडद्यानं माझा स्वतःचा हात कसा भाजला, ते सांगतो. दहा-बारा वर्षं झाली असतील. एका दुकानात टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा बिघडला होता. मुनीमजी सारखे माउस हलवत होते. मी वैतागून त्यांचा माउस बंद केला, पडदा काळा केला आणि टॅलीचं रिराइट, म्हणजे डेटा पुन्हा लिहून दुरुस्त करणं, लावलं. "आधी बॅकअप घेऊ का?" असं टॅली विचारतं, मी घाईत "नो" दाबून मोकळा झालो. तिकडे मुनीमजींनी काय पाहिलं? चालू कॉम्प्युटर अचानक काळा, माउस मेला, कीबोर्ड मेला, पंखा मात्र फिरतोय. त्यांना वाटलं मशीन हँग झालं. हँग झालं की काय करायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं: पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. त्यांनी धरलं. रिराइट अर्ध्यावर तुटलं आणि होता नव्हता तो डेटाही गेला. पेन ड्राइव्हवर सहा दिवसांपूर्वीचा बॅकअप सापडला. मग दोन रात्री मी आणि मुनीमजी समोरासमोर बसून, बिलबुकं उघडून सहा दिवसांच्या एंट्र्या पुन्हा भरत होतो. ते मला काहीही बोलले नाहीत. नुसते मोठ्यानं बिल नंबर वाचत राहिले.

तेव्हापासून माणूस समोर बसलेला असताना मी पडदा काळा केलेला नाही. माउसचं म्हणशील, तर "काका, दोन मिनिटं हात मांडीवर" असं म्हटलं की नव्वद टक्के लोक ऐकतात. उरलेले दहा टक्के माउस हलवतात, कारण त्यांना काहीतरी दाखवायचं असतं. दाखवू द्यावं. कित्येकदा खरी अडचण तिथेच सापडते.

साहेब म्हणतील, यात सुरक्षितता आहे. कोणाची? आपण काय करतो ते ग्राहकानं बघून शिकून घेऊ नये, असं बरेच मालक मनात धरून असतात. अरे, विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, त्या रजिस्ट्रीत, मी काय बदललं ते बघून आजवर एकही किराणावाला टेक्निशियन झालेला नाही. आणि खरं सांगू? काही ठिकाणी पडदा लावतात कारण आत बिनलायसन्सचं सॉफ्टवेअर टाकायचं असतं, आणि ते ग्राहकाला दाखवण्यासारखं नसतं. तुझ्याकडे तसं चालत असेल, तर मग प्रश्न पडद्याचा उरत नाही.

मॅडम का घाबरल्या, तेही समजून घे. फसवणूक करणारे नेमकं हेच करतात. बँकेचा माणूस, कस्टमर केअरचा माणूस असं सांगून ॲप टाकायला लावतात, त्या ॲपचा नऊ-दहा आकडी नंबर विचारतात आणि आत शिरतात. कॉम्प्युटरवर असतील तर पडदा काळा करतात, "अपडेट चालू आहे, हात लावू नका" म्हणतात, आणि पडद्याआड पैसे काढतात. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. त्या ॲपचा तो दोष नव्हता, वापरणाऱ्यांचा होता. पण सामान्य माणसाच्या डोक्यात नाव बसलं ते बसलंच. त्यानंतर बँकांचे मेसेज, वर्तमानपत्रं, सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 नंबरच्या जाहिराती. तुझ्या मॅडमनी हे सगळं वाचलेलं आहे आणि वेळ आल्यावर वापरलंही. या बाईला अडाणी म्हणणाऱ्यानं स्वतःचं बँक खातं एकदा तपासून घ्यावं.

काळ्या पडद्याची खरी जागा वेगळीच आहे, आणि ती जागा मला मान्य आहे. समज, सीए साहेब रात्री घरून ऑफिसच्या मशीनवर काम करताहेत. ऑफिसात झाडू मारणारा आहे, शेजारच्या टेबलावर आर्टिकलशिपची शिकाऊ मुलं बसलीत, आणि मॉनिटरवर सगळ्यांच्या पगाराची शीट उघडलेली. तिथे पडदा काळाच पाहिजे. दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटची रांग लागलीय आणि तू मागून कुणाचे रिपोर्ट दुरुस्त करतोयस, तिथेही पाहिजे. त्या पडद्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर अडवायची असते. यंत्राच्या मालकाची नजर अडवायला तो केलेला नाही. आणि लावलाच, तर तो केव्हा आणि किती वेळ लागणार हे आधी सांगायचं आणि उठवायचा कसा तेही सांगून ठेवायचं. टीमव्ह्यूअरचा पडदा समोरच्यानं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की उठतो, पण कुणाला ठाऊक असतं?

एक गोंधळ इथेच मिटवून टाकतो, कारण नवी मुलं यात हमखास अडकतात. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आणि एनीडेस्कसारखी साधनं यांत मुळातच फरक आहे. विंडोज प्रो असलेल्या साध्या मशीनवर तू रिमोट डेस्कटॉपनं शिरलास, की समोरच्याला लॉक स्क्रीन दिसते. तिथे पडदा कुणी लावत नाही, एका वेळी एकच माणूस बसू शकतो असा विंडोजचाच कायदा आहे. समोरच्यानं पासवर्ड टाकून पुन्हा लॉगिन केलं की तू बाहेर. म्हणून कुणाला शेजारी बसवून मदत करायची असेल तेव्हा ते साधन वापरूच नये. सर्व्हरची गोष्ट आणखी निराळी. एका सर्व्हरवर पंधरा जण टॅली चालवत असतील, तर ॲडमिनला कुणाच्याही सेशनमध्ये डोकावता येतं, आणि ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये, तसं ठेवलं असेल तर न विचारताही डोकावता येतं. मी ज्या ज्या सर्व्हरची देखभाल करतो तिथे ती निवड "वापरणाऱ्याच्या परवानगीनं" अशीच ठेवली आहे. सांवेर रोडवरच्या एका मालकानं ती बदलून मागितली होती, म्हणे स्टाफ काय करतो ते बघायचंय. मी म्हटलं, करून देतो, पण आधी स्टाफला लेखी कळवा. त्यांनी विषय सोडून दिला.

घरगुती ग्राहकांसाठी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी, मी हल्ली विंडोजमधलं क्विक असिस्टच वापरतो. त्यात कोड माझ्याकडे तयार होतो, मी तो फोनवर सांगतो, आणि आत घ्यायचं की नाही ते समोरचा ठरवतो. कोड दहा मिनिटांत बाद होतो. सुरुवातीला मला नुसतं दिसतं. माउस हवा असेल तर वेगळा मागावा लागतो आणि त्यांना "हो" म्हणावं लागतं. मी नसताना मागच्या दारानं शिरायची त्यात सोयच नाही. काम जरा हळू होतं, पण आजोबांना दर पायरीवर दाराची कडी आपल्याच हातात आहे हे कळतं.

परवानगीवरून आठवलं. ॲडमिनची परवानगी मागताना विंडोज स्क्रीन मंद करतं आणि मधोमध चौकट येते. आपल्याकडे पुरेसे अधिकार नसतील तर ती चौकट आपल्याला दिसतही नाही, आपली बाजू गोठते. तेव्हा आधीच सांगायचं: "ताई, आता स्क्रीन जरा मंद होईल, एक चौकट येईल, ती मला दिसणार नाही. त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, आणि पटलं तर 'येस' दाबा." त्यांनी ते मोठ्यानं वाचलं की दोन गोष्टी होतात. मला कळतं की नेमकी तीच चौकट आहे, आणि त्यांना कळतं की मलाही सगळं दिसत नाही. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, किती बघायचं. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यात मी एक चांगला ग्राहक आणि एक चांगला माणूस गमावला आहे.

इंदूरची मराठी वस्ती तुला माहीत आहे. रामबाग, लोकमान्य नगर, इकडे तिकडे विखुरलेलो असलो तरी गणपतीत, लग्नात, मुंजीत आपण सगळे एकमेकांना भेटतो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या मशीनवर मी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकत होतो. ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबवर त्यांचं व्हॉट्सॲप उघडं होतं, आणि उजव्या कोपऱ्यात मेसेज येऊन गेला: मुलाकडच्यांचा होकार आलाय, बाकी भेटीत. तीन सेकंद. मी वाचायला गेलो नव्हतो, डोळ्यांनी आपोआप वाचलं. आठ दिवसांनी एका लग्नात ते भेटले. मी प्रेमानं हात हातात घेऊन म्हटलं, "अभिनंदन! मुलीचं ठरलं ना?" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. शेजारी त्यांचे थोरले बंधू उभे होते आणि त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. गृहस्थ हसले, "हो, जवळजवळ" म्हणाले. मला कुठून कळलं, हे विचारलंही नाही. विचारायची गरजच नव्हती, त्यांना समजलं होतं. पुढच्या महिन्यात देखभालीचा करार संपला, तो त्यांनी दुसऱ्याला दिला. मला नमस्कार करतात अजून, पण लांबून.

मी काही चोरलं नव्हतं. कुणाला काही विकलं नव्हतं. कायद्यानं बघायला गेलास तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये कराराखाली हाती आलेली माहिती नुकसान करण्यासाठी फोडली तर 72-अ कलम लागतं, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता आहे. माझ्या त्या "अभिनंदन"ला यातलं एकही कलम लागलं नसतं. पण माणूस गेला तो गेलाच.

म्हणून आता माझी सुरुवात ठरलेली असते. कनेक्शन लागायच्या आधी, फोनवरच: "व्हॉट्सॲप, मेल, बँकेचं काही उघडं असेल तर बंद करा. डेस्कटॉपवर खासगी फोटो असेल तर विंडो आडवी घ्या. मी एक मिनिट थांबतो." आणि खरोखर मिनिटभर थांबतो. विंडोजमधला "डू नॉट डिस्टर्ब" चालू करायला सांगतो, म्हणजे कोपऱ्यातले मेसेज येत नाहीत. फोन कॉम्प्युटरला जोडायचं ॲप असेल तर ते आवर्जून बंद, कारण त्यात एसएमएस स्क्रीनवर येतात आणि एसएमएसमध्ये ओटीपी येतात. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही आवरायला सांगतो. पुष्कळांना वाटतं की आपल्याला समोरचा एकच दिसतो. दुसऱ्यावर एका क्लिकमध्ये जाता येतं, हे आपणच सांगायचं असतं.

इतकं करूनही काही दिसलंच, तर तोंडानं बोलून टाकायचं. "साहेब, मेल उघडा राहिलाय, तो खाली घेता का?" गुपचूप नजर वळवण्यापेक्षा हे बरं. समोरच्याला कळतं की याला दिसलं, आणि दिसलं ते यानं सांगितलं.

पासवर्डचं बघ. टाइप करताना ठिपके दिसतात म्हणून ग्राहक निर्धास्त असतो. पण काही बँकांच्या साइटवर स्क्रीनवरचा कीबोर्ड असतो, दाबलेली बटणं चोरून नोंदवणाऱ्या की-लॉगरपासून वाचायला दिलेला. आपण जोडलेले असताना ग्राहकानं तो वापरला, तर एकेका अक्षरावर जाणारा माउस आपल्याला सरळ दिसतो. बँकेनं सोय केली ती एका चोराला अडवायला, आणि दुसऱ्याला दार उघडून दिलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोललोच: "ताई, थांबा, मी बाहेर पडतो." बँकेचं पान उघडायचं असेल तर मी कनेक्शन तोडतो. फोनवर बोलून जमतं तेवढं सांगतो. मग काम अर्धा तास लांबलं तरी चालेल.

कॉपी-पेस्टचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच साधनांत क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे ठेवलं जातं ती जागा, दोन्हीकडे एकच असतो. ग्राहकानं तिकडे काही कॉपी केलं की ते इकडे माझ्या मशीनवर येतं. मी एकदा सहज कीबोर्डवरची विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबली, तर माझ्या क्लिपबोर्डच्या यादीत तीन वेगवेगळ्या ग्राहकांचे पॅन नंबर आणि एक पासवर्ड, रांगेनं. ती यादी 25 नोंदी धरून ठेवते. मी ते मागितलेले नव्हते, तरी माझ्याकडे येऊन पडले होते. त्या दिवशी ती यादी बंद केली, आणि क्लिपबोर्डची परवानगीही बंद. लागेल तेव्हा विचारून चालू करतो. तुझ्या मशीनवर आज तपासून बघ. बघशील ते आवडणार नाही.

तुमच्याकडे सीएंची ऑफिसं असतील तर आणखी एक. डिजिटल सहीचं टोकन, ते यूएसबीचं. रिटर्नच्या दिवसांत ते मशीनला लावलेलंच असतं, काढायला वेळ कुणाला? आणि पिन बहुतेक ठिकाणी मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, नाहीतर डेस्कटॉपवरच्या "पासवर्ड" नावाच्या एक्सेल फाईलमध्ये. म्हणजे तू जोडलेला असताना त्या साहेबांची सही करू शकतोस. करणार नाहीस हे मला माहीत आहे, पण उद्या काही उलटसुलट झालं तर संशय तुझ्यावरच. टोकन काढायला लावल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. सही करतानाच काही अडलं असेल तर टोकन ठेवायचं, पण मग माउस त्यांच्या हातात, मी नुसता बघणार आणि तोंडानं सांगणार.

आणि तुझ्या पाठीमागे काय आहे? ग्राहकाची स्क्रीन त्याच्याकडे झाकलेली असेल, पण तुझ्या मॉनिटरवर तर ती उघडीच असते. तुमच्या ऑफिसात तुझ्यामागून चहावाला जातो, दुसरी पोरं जातात, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत असतं. मी घरून काम करतो तेव्हा भिंतीला पाठ लावून बसतो. बायको सुरुवातीला हसायची, म्हणे घरातल्या घरात गुप्तहेर. आता पोह्यांची बशी पुढून आणून देते.

रेकॉर्डिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे. काही कंपन्या प्रत्येक सेशन रेकॉर्ड करतात आणि ग्राहकाला सांगत नाहीत. पुढे भांडण झालं तर पुरावा म्हणून. पण ते रेकॉर्डिंग म्हणजे ग्राहकाचं अख्खं कपाट तुझ्या हार्ड डिस्कवर. करायचंच असेल तर सांगून करा, आणि काम झाल्यावर किती दिवसांनी पुसणार तेही सांगा. मी बहुतेक वेळा करतच नाही. त्याऐवजी काम संपल्यावर चार ओळी लिहून पाठवतो: अमुक ड्रायव्हर काढला, तमुक टाकला, ही सेटिंग बदलली, इतके वाजून इतक्या मिनिटांनी बाहेर पडलो. व्हॉट्सॲपवर, साध्या भाषेत. हिंदीवाल्याला हिंदीत, आपल्या माणसाला मराठीत.

बाहेर पडणं हे आत शिरण्याइतकंच नीट व्हायला हवं. सगळ्यांत जास्त घाण इथेच राहते. कधीही आत शिरता यावं म्हणून ठेवलेला कायमचा पासवर्ड तिथेच पडलेला. चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या पोराकडेही तो असतो. मी एखादा नवा ग्राहक घेतो तेव्हा पहिल्या दिवशी हेच साफ करतो. एका ठिकाणी तीन वेगवेगळी रिमोट साधनं निघाली, तिन्ही विंडोजबरोबर चालू होणारी, आणि मालकाला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. काम एकदाचंच असेल तर साधन काढून टाकायचं, आणि ते ग्राहकाच्या डोळ्यांदेखत. नेहमीचं असेल तर पासवर्ड ग्राहकानं स्वतः ठेवायचा, आपल्याला न सांगता, आणि प्रत्येक वेळी "स्वीकार" त्यानंच दाबायचं. रात्री-अपरात्री सर्व्हर बघायचा करार असेल तेवढ्यापुरता कायमचा प्रवेश, तोही करारात लिहून आणि आपल्याकडे कोणाकोणाला तो आहे ती नावं देऊन.

आता साहेबांचं. त्यांच्याशी तत्त्वावर भांडू नकोस, नोकरी जाईल. त्यांना पैशाची भाषा दाखव. वायर ओढली गेली तेव्हा कोणतं काम अर्ध्यावर तुटलं, ते पुन्हा करायला किती वेळ गेला, तो वेळ कुणी भरून दिला? माझ्या मुनीमजींची गोष्ट सांग हवी तर. आणि म्हण, एक महिना पडदा न लावता काम करून बघतो, तक्रारी वाढल्या तर पुन्हा लावू. तरीही नाहीच म्हणाले, तर निदान एवढं तरी पदरात पाडून घे की पडदा लावण्याआधी फोनवर सांगायची तुला मुभा असेल. तीही मिळाली नाही, तर सिल्व्हर मॉलमध्ये आणखी चार कंपन्यांना पोरं हवी आहेत.

मॅडमचं मात्र उद्याच कर. सोमवारची वाट बघू नकोस. फोन कर आणि आधी माफी माग, खुलासा नंतर. मग म्हण, मी आत काय केलं ते तुम्ही स्वतः बघू शकता. एनीडेस्क असेल तर त्यांच्याच मशीनवर कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाईल असते. इन्स्टॉल केलेलं असेल तर प्रोग्रामडेटामधल्या एनीडेस्कच्या फोल्डरमध्ये, नुसतंच चालवलं असेल तर ॲपडेटा, रोमिंग आणि त्यात एनीडेस्क. ही फोल्डरं लपवलेली असतात, ती दिसती कशी करायची ते फोनवर सांग. तू जोडू नकोस. त्या फाईलमध्ये तुझा एनीडेस्क नंबर, तारीख आणि वेळ असते. टीमव्ह्यूअर असेल तर इनकमिंग कनेक्शन्सची तशीच फाईल त्याच्या फोल्डरमध्ये. आत शिरून काय काय केलं ते त्या फाईलमध्ये लिहिलेलं नसतं, हेही लपवू नकोस. ते तू सांग, ओळीनं, आठवेल तसं. त्यांना वेळ जुळवून बघू दे. त्यात तुझ्याशिवाय दुसरा कुठला अनोळखी नंबर निघाला, तर त्यांना लगेच सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला सांग, आणि पैशांचा काही मामला दिसला तर 1930.

माझ्याकडे एका आजींनी ती फाईल छापून घेतली आहे. दर महिन्याला कागद काढतात, पेन घेऊन माझ्या सेशनांवर टिक करतात. मागच्या महिन्यात फोन आला: "अरे, 14 तारखेला दोनदा आलास, बिलात एकदाच लावलंयस."